छाप खायची की डाळ?



काजू बीच्या भावाची बैठक होती म्हणून आम्ही चौघे कापूसपट्ट्यातून थेट बांद्याला गेलो होतो. बांदा म्हणजे सावंतवाडी तालुक्याचे टोक. तेरेखोल नदीच्या काठी बाजारपेठ, आणि थोडे पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. बैठक व्हायची तशी झाली. ठराव झाला, घोषणा झाल्या, त्याबद्दल दुसऱ्या पानावर वाचा. आम्हाला सांगायचे आहे ते रात्रीच्या जेवणाचे.

मुक्काम एका काजू बागायतदाराच्या घरी होता. वहिनींनी भात वाढला आणि समोर दोन टोप ठेवले. टोप म्हणजे आपल्याकडचा गंज. दोन्हींत तुरीचे साधे वरण. म्हणाल्या, "तुमी तूर पिकवणारे मां? मगे सांगा बघया, ह्यातली म्हाग डाळ खंयची?"

आता कपाशीच्या सहा-आठ ओळींमागे तुरीची ओळ टाकण्यात आमची हयात गेली. तुरीची शेंग, तुरीचा दाणा, तुरीची काडी, सगळे आमच्या हाताखालून गेलेले. आम्ही मोठ्या ऐटीत चाखून पाहिले. तिघांनी डावीकडचा टोप दाखवला. चौथा म्हणाला, मला तर काही फरक कळत नाही. वहिनी हसल्या आणि आत जाऊन दोन पिशव्या घेऊन आल्या. उजवीकडच्या टोपातली डाळ होती टीव्हीवर नटी नाचते त्या छापाची. डावीकडची होती गोव्यातल्या एका मोठ्या दुकानाने स्वतःच्या नावाने भरून ठेवलेली. तिच्यावर ना चित्र, ना नटी. दुकानाचे नाव, वजन, तारीख, किंमत, संपले. तीन तूर उत्पादक साफ चुकले होते. जो म्हणाला कळत नाही, तोच काय तो खरा.

"चित्र शिजता काय भावोजी? शिजता ती डाळ," असे म्हणून वहिनींनी पुन्हा भात वाढला.

दोन राज्यांच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाला एक सवय लागलेली असते. हाच माल पलीकडे कितीला, हे तो आधी विचारतो. बांद्याची माणसे पेट्रोल भरायला पत्रादेवी ओलांडतात, शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जातात, आणि सोमवारी आपल्याच गावच्या आठवडी बाजारात आंबोली घाट उतरून आलेल्या कांद्या-मिरचीचा भाव पाडून मागतात. पाकिटाच्या पुढच्या बाजूला भुलायला त्यांना वेळ नाही. आपण मात्र भुलतो. मुंबई-पुण्याचा पगारदार भुलतो तितकेच आपण भुलतो, आणि आपल्या खिशात त्याच्या पगारातला चौथा हिस्साही नसतो.

इथे काही जणांच्या कपाळावर आठी पडली असेल. आमच्याही पडली होती. परतीच्या गाडीत हा विषय निघाला तेव्हा आमच्यातलाच एक जण उसळून म्हणाला, "झाले का तुमचे सुरू? शेतकरी गरीब का, तर उधळ्या म्हणून! दारू पितो, लग्नात खर्च करतो, आता वरून महागडी डाळ खातो! कलेक्टरपासून कीर्तनकारापर्यंत सगळे हेच सांगत आले. भाव मागायचा सोडून काटकसरीचे धडे द्यायचे असतील तर ते सरकारी शिबिरात द्या."

त्याचा राग रास्त आहे. शेतकऱ्याचे दारिद्र्य त्याच्या सवयीतून आलेले नाही, मालाला भाव नाही यातून आले, हे आम्ही हजार सभांत सांगितले आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेत नाही. १९ ऑगस्ट २०२५ पासून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत, म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या हंगामात, सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. तुरीची आयात मे २०२१ मध्ये मोकळी केली आणि मग मुदतीमागून मुदत वाढवली. अशी कुऱ्हाड डोक्यावर असताना साखर-साबणात चार पैसे वाचवून कोणी श्रीमंत होणार नाही. तसे कोणी सांगत असेल तर त्याला गावाबाहेर सोडून या.

पण मग आम्ही हे का लिहितो? किराण्याची वही आणि कापसाचा काटा यांना बांधणारी एक दोरी आहे म्हणून. ती आपण रोज पाहतो, बोलत कोणी नाही.

आमच्या एका गावातला प्रकार सांगतो. गावाचे नाव कशाला, सगळ्या गावांत तो आहे. दुकान एकच. तिथे तेल-साखर मिळते, तिथेच बियाणे आणि फवारणीचे औषध मिळते, आणि दिवाळीच्या आगेमागे त्याच ओट्यावर काटा लागून खेडा खरेदी सुरू होते. जून ते ऑक्टोबर घरात पैसा नसतो. सगळे वहीवर. सीतादही झाली, पहिला वेचा घरात आला की दुकानदार काही दम देत नाही. तो नुसता म्हणतो, "भाऊ, वही जरा फुगली आहे." बस. एवढ्यावर कापूस त्याच्या काट्यावर जातो. ओला म्हणून कट्टी, कवडी म्हणून कट्टी, आणि भाव तो म्हणेल तो. सीसीआयच्या केंद्रावर न्यायचा तर ओलावा ८ टक्क्यांवर हवा, १२ च्या वर तर घेतच नाहीत. म्हणजे कापूस वाळवून, थांबून न्यायला हवा. थांबायला दम हवा. दम वहीने खाल्लेला असतो.

आम्ही त्याच गावात दोन-चार घरांच्या वह्या उतरवून घेतल्या. आकडे सांगत नाही, लोकांची इज्जत असते. पण वहीत धान्य थोडे आणि पाकिटे फार, एवढे सांगतो. बिस्किटे, चहाची पुडी, मसाल्याच्या पुड्या, तेलाच्या पिशव्या, वॉशिंग पावडर, साबण, शाम्पूच्या पुड्या, आणि ज्वारीच्या गावात पिशवीतला आटा! प्रत्येक नाव टीव्हीवरचे. दुकानदाराला विचारले, दुसरे स्वस्त ठेवत नाही का? म्हणाला, "ठेवतो की. पण तुमचीच पोरे तेच नाव घेऊन मागतात." खोटे बोलला नाही.

आता या नावाची किंमत काय ते बघू. २०२५-२६ च्या हंगामाला तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये. म्हणजे किलोला ८०. मिळतो का, ही निराळी गोष्ट. मिळाला असे धरू. शंभर किलो तुरीतून सत्तरच्या आसपास डाळ निघते, बाकी चुणी आणि कोंडा, ती ढोरांना जाते आणि तिचेही पैसे होतात. म्हणजे किलोभर डाळीत आपली तूर फार तर ११४ रुपयांची. त्यावर गिरणीची घडाई, पोते, गाडीभाडे, दुकानदाराचा मोबदला. हे सगळे दुकानाच्या साध्या पिशवीलाही लागते आणि नाचणाऱ्या पिशवीलाही लागते. त्याच्यावरचे जे काही तिथे घेतात ते जाहिरातीचे, चकचकीत प्लास्टिकचे, वितरकांच्या साखळीचे आणि नावाचे. त्या रकमेत शेतकऱ्याचा एक पैसा नाही. तूर पिकवणाऱ्याला नटीच्या नाचाची बिदागी द्यावी लागते, तीसुद्धा त्याच्याच डाळीवर.

मिठात तर विचारूच नका. देशभर एका छापाचे पुडीतले मीठ १९८३ साली आले, त्याआधी काय आपण अळणी खात होतो? आयोडीन घालणे सगळ्यांनाच सक्तीचे आहे. मग पुडीवर कोणाचेही नाव असो, आत मीठच. साखरेचेही तेच. एकाच कारखान्याचे पोते फोडून एक किलो या पिशवीत, एक किलो त्या पिशवीत. पोहे, रवा, शेंगदाणे, साबुदाणा, काड्यापेटी, फिनेल, इथे नावाला पैसे मोजणे म्हणजे सरळ मूर्खपणा, आणि आम्ही स्वतः तो वर्षानुवर्षे केला आहे.

सगळीकडे मात्र असे नाही. कोणी म्हणेल स्वस्त तेच चांगले, तर तेही खोटे. हळद आणि तिखट कोणत्याच पुडीतले घेऊ नका. हळकुंड घ्या, मिरची घ्या, गिरणीवर दळून आणा. भेसळ कुठे होते ते दळणाऱ्याला ठाऊक असते. चहाची ज्याची त्याची चव असते, तिथे आम्ही कोणाच्या घरात भांडण लावत नाही.

तेलावर थोडे थांबावे लागेल, कारण त्यात आपली सरकी आहे. क्विंटलभर कापूस जिनिंगला गेला की साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, उरते ती बहुतेक सरकी. सरकीची ढेप आपण पैसे मोजून परत घेतो आणि तेल कुठे जाते ते विचारत नाही. ते शुद्ध होऊन गुजरातेत घरोघर जाते, फरसाणवाल्याच्या कढईत जाते आणि मिश्र तेलाच्या पिशवीतही शिरते. मिश्र तेल असेल तर कोणकोणती तेले किती टक्के, हे पिशवीवर छापणे सक्तीचे आहे, ॲगमार्कही सक्तीचा आहे. मोठ्या अक्षरांत शेंगदाण्याचे चित्र आणि मुंगीएवढ्या अक्षरांत खरे टक्के, असा तो मामला असतो. वाचा. चष्मा लागला असेल तर पोराकडून वाचून घ्या, शाळेत घातले कशाला त्याला?

दुसरी युक्ती वजनाची. तेल लिटरने विकतात, आणि तेल तापले की फुगते. सोयाबीनचे लिटरभर तेल २१ अंशांवर ९१९ ग्रॅमच्या आसपास भरते, ६० अंशांवर ८९३ च्या आसपास. काही कंपन्या पिशवीवर बारीक अक्षरांत "६० अंश तापमानाला" असे छापून लिटरमागे पंचवीस ग्रॅम मारत होत्या. तुमच्या घरात कोणी ६० अंशांचे तेल पिशवीतून ओतले आहे का? ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने त्यांना तापमानाचा उल्लेख काढून लिटरबरोबर खरे वजनही छापायला सांगितले आणि जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. ही चलाखी करणाऱ्यांत गल्लीतला घाणीवाला नव्हता हे लक्षात ठेवा. म्हणून तेल घेताना लिटर पाहू नका, ग्रॅम पाहा.

आणि बहुतेक पाकिटांवर आता ग्रॅममागे किंवा किलोमागे किंमत किती ते छापावे लागते. वजनमापाच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने हे आले. त्याच दुरुस्तीने पाकिटाच्या ठरलेल्या वजनांची सक्ती गेली, म्हणून तर पाच रुपयांचा पुडा पाच रुपयांचाच राहतो आणि आतली बिस्किटे कमी होतात. तुलना करायची ती या किलोमागच्या किमतीची. मोठे पाकीट स्वस्तच असते असेही धरून चालू नका. शाम्पूच्या पुड्या पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. पाकीट उलटे करा. पुढची बाजू कंपनीची, मागची बाजू तुमची. कोणी बनवले, कोणी भरले, कोणासाठी भरले हे तिथे पत्त्यासह असते. पुष्कळदा दिसेल की नावाजलेला माल आणि दुकानाचा साधा माल एकाच गावच्या, कधी एकाच कारखान्यातून आला आहे. मग फरक कशाचा दिला आपण?

आता दुकानाचा छाप ही कल्पना काही मॉलवाल्यांची नव्हे. ती आपल्यासारख्याच नाडलेल्यांनी काढली. इंग्लंडात रॉचडेल नावाचे विणकरांचे गाव. तिथल्या अठ्ठावीस जणांनी २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन नावाच्या गल्लीत दुकान उघडले. माल काय, तर लोणी, साखर, पीठ, जवसासारखे दिसणाऱ्या नव्हे, ओट नावाच्या धान्याचे पीठ आणि मेणबत्त्या. त्या काळी तिकडे मालकांची दुकाने असत. मजुरी मालाने द्यायची, उधारीत अडकवायचे आणि पिठात खडूची भेसळ करायची. वही तिकडेही होती! या अठ्ठावीस जणांनी तीन गोष्टी ठरवल्या. माल शुद्ध, वजन पुरे, आणि उधारी बंद. जो नफा होईल तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. अशा दुकानांनी १८६३ साली एकत्र येऊन घाऊक खरेदीची संस्था काढली, आणि १८७३ पासून स्वतःच्या कारखान्यात बिस्किटे बनवून स्वतःच्या नावाने विकायला लागले. दुकानाचा छाप जन्मला तो असा, दलालाला आणि भेसळीला पर्याय म्हणून.

आपल्याकडेही झाले. मुंबईत नायगावात गिरणी कामगारांनी १९४८ साली अपना बाजार काढला. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत तर दुकानाशिवायच चालली आहे. आसपासची घरे मिळून एक संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, घाऊकात आणलेला माल ठरल्या दिवशी येतो, घरोघर वाटून घ्यायचा. ना गाळ्याचे भाडे, ना पाटी, ना जाहिरात. वारणानगरला तात्यासाहेब कोऱ्यांच्या काळात उसाच्या मुलखात वारणा बझार उभा राहिला. आणि बांद्याच्या पलीकडे गोव्यात फोंड्याची गोवा बागायतदार सहकारी खरेदी विक्री संस्था आहे. ती सुपारी, काजू घेते आणि तीच ठिकठिकाणी बागायतदार बझार चालवते. म्हणजे सुपारी ज्या संस्थेला घातली, डाळ-साखर त्याच संस्थेकडून आणली. हे आम्ही बांद्याच्या बैठकीत ऐकले तेव्हा विदर्भ-मराठवाड्यातली आपली ग्राहक भांडारे आठवली. फडताळात उंदीर, गल्ल्यावर संचालकाचा मेहुणा, आणि उधारी सगळी पुढाऱ्यांच्या नावे. सहकार आणि सरकार यांच्यात एका अक्षराचा फरक आहे, तोही आपल्याकडे पुसला गेला. म्हणून नवी भांडारे काढा, अनुदान मागा, असे आम्ही चुकूनही सांगणार नाही.

आता खरी गाठ. स्वस्त दोन प्रकारे होते. जाहिरात, नाव आणि मधले हात कापून होते, किंवा पिकवणाऱ्याचा गळा कापून होते. पाकिटावर दोन्ही सारखेच दिसतात.

दुसऱ्या प्रकारचा सगळ्यात मोठा छाप कोणाचा माहीत आहे? सरकारचा. जुलै २०२३ मध्ये "भारत डाळ" निघाली, हरभऱ्याची, ६० रुपये किलो. नोव्हेंबर २०२३ मध्ये "भारत आटा", साडेसत्तावीस रुपये. फेब्रुवारी २०२४ मध्ये "भारत तांदूळ", २९ रुपये. विकणार नाफेड, एनसीसीएफ आणि केंद्रीय भांडार. नावही बघा काय घेतले, भारत! इंडियाला स्वस्त खाऊ घालायचे आणि पिशवीवर नाव भारताचे लिहायचे. ही डाळ जाहिरात कापून स्वस्त झालेली नाही. सरकारी साठा खरेदीच्या खर्चाखाली बाजारात ओतून, आणि त्याच वेळी आयात मोकळी ठेवून, साठ्यावर मर्यादा घालून ती स्वस्त झाली. ती विकत घेणारी बहीण आपलीच असेल, तिला आम्ही दोष देत नाही. पण तिच्या पिशवीत वाचलेले पैसे तिच्या भावाच्या हरभऱ्यातून गेले, एवढे तिला कोणीतरी सांगायला हवे.

मोठ्या दुकानांचे मधले आहे. डीमार्टने २००२ साली पवईत पहिले दुकान काढले, आज तालुक्याच्या गावाजवळही लोक सुट्टीच्या दिवशी तिथे गाडी करून जातात. त्यांचा स्वतःच्या नावाचा माल आहे, रिलायन्सचा आहे, बिग बझारचा होता, तो २०२२ साली बंद पडला. परवडते तिथे जरूर घ्या, आमचा काही सोवळेपणा नाही. व्यापार खुला असावा म्हणणारे आम्ही, दुकान मोठे झाले म्हणून रडणार नाही. पण दोन गोष्टी डोक्यात ठेवा. स्वतःच्या छापात दुकानाला नफा कमी नसतो, उलट जास्त सुटतो. जाहिरातवाल्याचे गेले त्यातले थोडे तुम्हाला, थोडे त्याला. आणि डाळ स्वस्त म्हणून गेलेला माणूस प्लास्टिकच्या बादल्या आणि चादरी घेऊन परत येतो. आम्हीही आलो आहोत. जाताना यादी न्या, परत येताना यादीच आणा.

छापावर बहिष्कार आपल्याला नवा नाही. १९८५ साली कृत्रिम धाग्याला झुकते माप देणारे कापड धोरण आले तेव्हा कापूस शेतकऱ्यांनी "राजीव वस्त्रां"च्या होळ्या केल्या. कपडे विकत घेणारा म्हणूनही आपल्या हातात जोर आहे हे तेव्हा कळले होते. नंतर आपण विसरलो. पिकवणारे म्हणून मोर्चे काढले, खाणारे म्हणून मुकाट वहीवर सही केली.

तर बांद्याहून आल्यावर आम्ही काय केले ते सांगतो. अकरा घरे एकत्र झाली. पुढाकार बायांनी घेतला, पुरुष फक्त गाडी हाकायला. नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष तर नाहीच. अध्यक्ष आला की गट फुटतो. प्रत्येकीने महिन्याची यादी लिहिली, त्यातला जो माल सगळ्यांचा सारखा तेवढाच एकत्र घ्यायचा असे ठरले: साखर, मीठ, तांदूळ, पोहे, शेंगदाणे, तेल, कपड्याचा साबण. तालुक्याच्या घाऊक दुकानातून रोखीने. धान्य घेताना तीस किलोचे पोते घेतले. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, नावाच्या धान्या-डाळीवर जो ५ टक्के जीएसटी लागला तो २५ किलोपर्यंतच्या पाकिटाला, त्याच्यापेक्षा मोठ्या पोत्याला नाही. हे आम्हाला दुकानदारानेच सांगितले, तो मनाने चांगला होता.

तूर विकत घ्यायची नाही असे ठरले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काढलेली मिनी डाळ मिल शेजारच्या गावात एका बचत गटाकडे आहे. घडाईचे पैसे दिले, डाळ घरी आणली. टीव्हीवरच्यासारखी पिवळीधमक आणि चकचकीत दिसत नाही, कारण तिला तेल-पाणी लावून पॉलिश केलेले नाही. शिजते छान. उरलेली चुणी गायीला.

पहिल्या महिन्यात भांडण झाले, तेही सांगतो. एका घरची साखर वजनात कमी भरली आणि तीन दिवस दोन बाया एकमेकींशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या महिन्यात काटा विकत आणला. एका घराने पैसे वेळेवर दिले नाहीत, तेव्हा ठरले की ज्याचे पैसे आधी, त्याचाच माल. उधारी शिरली की रॉचडेलही बुडाले असते. दोन घरे गळली. नऊ राहिली. गावातल्या दुकानदाराने काही दिवस नमस्कार टाकला, नंतर तोच एक साधा, बिननावाचा साबण घेऊन आला आणि म्हणाला, हा चालेल का, भावात बघू.

आणि वही? नऊपैकी पाच घरांची वही दिवाळीला खेडा खरेदीच्या काट्यापर्यंत पोहोचली नाही. त्या पाच घरांनी पहिला वेचा वाळवून घरात ठेवला. बाकी चार घरांची वही बियाण्याची आणि दवाखान्याची होती. साखर-साबणात वाचवून ती फिटणारी नव्हती, फिटली नाही. त्यांचा कापूस नेहमीप्रमाणे ओट्यावर गेला. त्यांच्यासाठी भावाची लढाई आहे आणि ती आपल्या सगळ्यांना लढावी लागणार आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी आणाव्यात. एक, महिन्याच्या किराण्याची यादी, भावासकट. दुसरे, घरात रिकाम्या झालेल्या पाकिटांची पिशवी. मांडवात एका बाजूला चटई टाकून बाया ती पाकिटे उलटी करून लावतील, मागची बाजू वर. शेजारच्या चुलीवर दोन गंजांत वरण शिजेल. ज्याला वाटते आपल्याला महागडी डाळ ओळखता येते, त्याने भाषणाआधी चाखून घ्यावे. चुकला तर जेवणानंतरची भांडी त्याने घासायची, पदाधिकारी असला तरी.